कोणी सांगल्यान?

पार्श्याला आमच्या शेजारी एक पेन्शनीतले मास्तर राहतात. त्यांना कुठलीही बातमी सांगायची सोय नाही. लगेच विचारतात, "कोणी सांगल्यान? त्याने डोळ्यांनी बघल्यान, की ऐकीव?" पाव गरम आहे म्हटलं, तरी हात लावल्याशिवाय मानणार नाहीत.

आमच्या वाड्यावरच्या एका मुलीचं लग्न धारगळला ठरलं, आणि गावभर झालं की देवळात कौल लावला तेव्हा देवीच्या अंगावर चिकटवलेली पाकळी डावीकडून पडली, म्हणजे कौल नकाराचा. मुलाकडचे मागे सरायला लागले. मुलीच्या आईच्या डोळ्यांचं पाणी खळेना.

मास्तरांनी छत्री उचलली. "ऐकीव पुरावो चलचो नाय. मूळ शोधूक होया." साक्षीदार म्हणून मी मागोमाग.

मला हे फुलवालीने सांगितलं होतं, तिला पाव विकणाऱ्या पोदेराने. पोदेर पावांची सायकल थांबवून म्हणाला, "मास्तरांनू, तुमीच सांगलात मरे, देवळातसून येताना! डावो कौल पडलो म्हणून!"

अहो, तो कौल मास्तरांनी स्वतःची म्हैस विकायची की नाही, यासाठी लावला होता! पोदेराला वाटलं, सध्या गावात लग्नाशिवाय विषय काय असणार?

मास्तर तसेच धारगळला गेले. मुलाच्या बापाला म्हणाले, "मूळ मीच. कौल म्हशीचो होतो, लग्नाचो नाय. पटणा नाय तर येवन बघा, म्हैस अजून गोठ्यात असा."

तो खरंच आला. गोठ्यात जाऊन म्हैस बघितली आणि बाहेर येऊन लग्नाची तारीख धरली. म्हशीने मान डोलावली असंही लोक म्हणतात. मी काही बघितलं नाही, म्हणून सांगत नाही.