कडूबाची अर्धी गोष्ट

देऊळघाटात कडूबा गोष्ट सांगायला बसला की हुंकार द्यायचा मान त्याच्या बायकोचा, तानुबाईचा. तिनं "हाव, मंग?" म्हटल्याशिवाय तो पुढं सरकतच नसे.

बीटी कपाशीला फवारणीच लागत नाही, असं सगळे सांगत होते. मग बोंडअळी आली. दुसऱ्याच्या शेतात फवारायला गेलेला कडूबा औषध अंगात भिनून गेला.

फोटो होता घरात. आवाज मात्र एकाच जागी उरला होता. इंटरनेटवर रेडिओ चालवणाऱ्या शहरातल्या पोरांनी कधीतरी त्याची एक गोष्ट अंगणात रेकॉर्ड केली होती, तानुबाईला गप बसवून. आता तो रेडिओच बंद होत होता. गोष्ट त्या दुपारी शेवटची लागणार होती.

शेजारच्या रुबिनाकडे संगणक होता. तानुबाई तिकडे धावली, तिच्यामागं तिच्यासंगं कापूस वेचणारी मीही.

"रुबिना, कसंयी कर मायबाई, पण तेवढा आवाज धरून ठेव."

संगणकात वाजेल ते आतल्या आत रेकॉर्ड करायची सोय रुबिनानं लावून पाहिली. काहीच उमटेना. हेडफोनच्या भोकातून माईकच्या भोकात घालायची वायर काढली, तर ती उंदरानं कुरतडलेली.

"काकू, आता मोबाईलच स्पीकरजवळ ठेवू. पण कोणी खोकायचं पण नाही. समजलं?"

"हाव."

"हे हाव पण नाही!"

तानुबाईनं संगणकाला हात जोडले, पदराचा बोळा तोंडात धरला. लाईट टिकू दे रे देवा, एवढंच मी मनात म्हणत होते.

"एका गुराख्याची गाय सातपुड्यात हरपली," कडूबा म्हणाला आणि थांबला. अंगणातही तो असाच थांबला असेल, बायकोकडे बघत. "तो डोंगर चढला..." पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा पदर सुटला.

"हाव. मंग?"

रुबिनानं कपाळावर हात मारला. पण तानुबाई आता तिथं नव्हतीच. तो थांबला की ती हुंकार देई. गुराख्याला गुहेतून घंटी ऐकू आली.

"हाव, मंग?"

लाईट गेली.

परत आली तेव्हा रेडिओ बंद झाला होता. तानुबाईनं रुबिनाचे पाय धरले. "परत लाव ना वं. आता नाही बोलत मी."

मोबाईलमध्ये राहिलेली अर्धी गोष्ट रुबिनानं तानुबाईच्या फोनात भरून दिली.

मी म्हटलं, "पुढची तं तुले पाठ हाये ना?"

"हाये. पण सांगायची त्यायनं, मी नाही."

कापूस वेचताना ती कमरेच्या फोनावर गोष्ट लावते. घंटी वाजते. फोनातली तानुबाई म्हणते, "हाव, मंग?"

वेचणारी तानुबाई हात बोंडावर तसाच ठेवून उभी राहते.