दारात थांबत नाई

माझा धाकटा भाऊ दारात थांबत नसे. एवढ्या एका गोष्टीवरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली, तितकी शेताच्या धुऱ्या-बांधावरूनही झाली नसतील.

तो पोलिसांत भरती झाला, अन् मग निवड होऊन विशेष पथकात गेला. अतिरेकी घरात शिरून बसले, कोणाला ओलीस धरलं, तर आत घुसायचं ते पथक. लोक टीव्हीवर पाहतात अन् टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांचा राग येतो. सुटीवर घरी आलेला माणूस त्यांना कुठं दिसतो?

बाप लवकर गेलेला. माय गावी, हिंगणीत एकटी राहायची. मी लग्न होऊन सिंदी मेघेला आले होते, वर्ध्याच्या एका कॉलेजात लायब्ररीत नोकरीला होते. भाऊ येणार असं कळलं की मी रजा टाकून आदल्या दिवशीच एसटी धरायची. नवरा म्हणायचा, भाऊ काय एकट्या तुलाच आहे? हो, आहे, म्हणायची मी.

मायचा एक नेम होता. घरचं माणूस बऱ्याच दिवसांनी दुरून आलं, की ते दारात असतानाच त्याच्यावरून भाकरीचा तुकडा अन् पाणी ओवाळायचं, तुकडा बाहेर भिरकावायचा, पाण्याचं बोट त्याच्या डोळ्यांना लावायचं, मगच आत घ्यायचं. वाटेत जे काही मागं लागलं असेल ते बाहेरच राहतं, असं तिचं म्हणणं. दवाखान्यातून पोरगी घेऊन मी आले, तेव्हा मलाही तिनं भर उन्हात असंच उभं ठेवलं होतं.

प्रशिक्षण संपवून भाऊ पहिल्यांदा घरी आला, तेव्हा माय तांब्या-भाकर घेऊन दारात तयारच होती. हा आला, अन् काही कळायच्या आत तिच्या बाजूनं सटकन आत शिरून भिंतीला पाठ लावून उभा. पायात बूट तसेच. तांब्यातलं पाणी मायच्या लुगड्यावर सांडलं. मला वाटलं, थट्टा करून राह्यला, म्हणून मी हसले. मायला हसू आलं नाही.

"काऊन रे, एवढी काय घाई?"

"घाई नाई, माय. दारात थांबत नाई आम्ही."

मग त्यानं समजावून सांगितलं. बाहेर ऊन, आत अंधार, अशा वेळी चौकटीत उभा असलेला माणूस आतल्याला स्पष्ट दिसतो अन् त्याला स्वतःला काहीच दिसत नाही. त्यांचा उस्ताद हिंदीत शिकवायचा, चौखट मौत की जगह है, वहाँ रुकना नहीं. हे ऐकून माय अशी काही तडकली की विचारू नका. दसऱ्याला ज्या चौकटीला ती तोरण बांधायची, हळदकुंकू लावायची, ती मौतीची? त्या उस्तादाला म्हणा, एकदा हिंगणीला ये अन् माझी चौकट पाहून जा.

तिनं त्याच्या मागं आत येऊन ओवाळलं, पण आत ओवाळून उपयोग नाही हे तिलाच ठाऊक होतं. सोबत जे आलं ते तर आत आलं होतं. रागावली की माय भांडी आपटायची. त्या दिवशी तिनं भांडी हळू ठेवली. ती घाबरली होती.

पुढं दर सुटीला तेच. ही दारात तांब्या घेऊन उभी, अन् तो वाऱ्यासारखा आत. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी त्यांच्यावर अशी खेकसले की पुढं महिनाभर त्या आमच्याकडं विरजण मागायला आल्या नाहीत. ज्याचं काम मरणाशी, त्याच्याबद्दल अशी म्हण काढतात का कोणी?

ती सवय पुढं इतकी पक्की का झाली, ते त्यानं मला सांगितलं बोर धरणावर. आम्ही दोघं सकाळी भिंतीवर जाऊन बसलो होतो. मी डब्यातली पोळी त्याच्यापुढं सरकवत होते अन् तो ती परत सरकवत होता. एका कारवाईत त्याचा जोडीदार पुढं होता. दोघं एकाच ताटात जेवणारे. दाराशी पोचले, जोडीदाराचं पाऊल चौकटीत पडलं, अन् तो थांबला. फार नाही, एक श्वास घेण्यापुरता.

"आत लहान पोरगं दिसलं म्हणून थांबला, ताई. मी त्याच्या मागंच होतो."

पुढचं त्यानं सांगितलं नाही. मायला सांगू नको, एवढंच म्हणाला. मला फार रडू येत होतं, पण तो पाण्याकडं बघत बसला होता, म्हणून मीही पाण्याकडंच पाहिलं.

त्यानंतर त्यानं स्वतः मागून शिकवण्याचं काम घेतलं. माणूस दारात का थांबतो, याचाच तो अभ्यास करायचा. नव्या पोरांच्या सरावाचे व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहायचा. त्यात त्याला एक गोष्ट सापडली, अन् ती सांगताना तो कधी नव्हे तो खुलला होता. म्हणाला, आपल्याकडले पोट्टे उंबऱ्याशी आले की मंदावतात. गोळीला भिऊन नाही. बुटांतली टाच आपोआप वर येते, चप्पल काढायला येते तशी. लहानपणापासून मायचा ओरडा खाल्लेला असतो, चपला बाहेर! मी म्हटलं, बाप्पा, हाही अभ्यासच का? तो म्हणाला, ही एक सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. दुसऱ्याची मोडायची तर आधी आपली मोडावी लागते. तो घरात बूट घालून का शिरतो, ते मला तेव्हा कळलं.

त्यांच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं घरं आखतात, कबड्डीचं मैदान आखतात तशी, अन् पोरं त्या रेघांमधून घुसायचा सराव करतात. पुढं खऱ्या भिंती, खरी दारं. भावानं तिथं आमचंच घर आखलं होतं. पुढची खोली, मागची खोली, समोरासमोर दोन दारं, न्हाणीकडचा बोळ. मायला हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता काही खरं नाही. तिच्या घरात रोज परकी पोरं बूट घालून घुसतात, म्हणजे काय! पण तिनं एवढंच विचारलं, तिथं उंबरा आहे का? तो म्हणाला, आहे, मुद्दाम बसवला, शहरातली पोरं अंधारात त्याला अडखळतात. मग माय गावभर सांगत सुटली, की सरकारी पोरं माझ्या उंबऱ्यावर शिकून राह्यली. देवळातसुद्धा सांगून आली.

मागच्या दिवाळीला मात्र ती हट्टाला पेटली नाही. सरळ हात जोडले तिनं. पोटच्या पोरापुढं हात जोडलेली माय मला बघवेना. म्हणाली, एकदाच थांब, मले ओवाळू दे, मग म्हणशील तर कधीच नाई म्हणणार. भाऊ अंगणात परत गेला. बूट काढले. सावकाश चालत आला, दारात पाय ठेवला. मायनं तांब्या उचलला. अन् मी पाहिलं, त्या गार सकाळी त्याच्या कपाळावर घाम फुटला, मान ताठली, डोळे आमच्या दोघींवरून कोपऱ्यांत फिरायला लागले. मायचा हात एक फेरा घेईपर्यंत तो आत भिंतीशी होता. त्याला कळलंही नसावं.

"पाय ऐकत नाईत, माय," तो म्हणाला, अन् लहान पोरासारखा रडला.

मायनं त्याचं तोंड पदरानं पुसलं. "राहू दे बापा. पुढल्या वेळी थांबजो."

उन्हाळ्यात माय गेली. सकाळी अंगणात सडा टाकता टाकता खाली बसली, ती उठली नाही. भाऊ तेव्हा कुठल्याशा जंगलात सराव शिबिरात होता, तिथं फोन जमा करून घेतात. निरोप दिला, तो पोचायला वेळ लागला. वर्ध्याच्या त्या उन्हात किती वाट पाहणार? अग्नी मीच दिला. मडकं धरून पुढं चालले तेव्हा दोनचार जण कुजबुजले. कुजबुजोत बापडे.

भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी आला. घरात चूल बंद होती, शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या, त्यांनी आणलेली झुणका-भाकर ताटाखाली झाकलेली होती. माय जिथं निजायची त्या कोपऱ्यात दिवा जळत होता. बाहेर बूट काढल्याचा आवाज आला, म्हणून मी मान वर केली.

तो दारात उभा होता. ऐन चौकटीत. मागं रणरणतं ऊन, त्याचा चेहरासुद्धा दिसत नव्हता. मी वाट पाहिली, आता आत सरकेल, मग सरकेल. तो सरकेना. खोड मोडली होती. म्हणीत म्हणतात तशी कोणाच्यातरी मरणानंच मोडली, फक्त कोणाच्या ते म्हण सांगत नाही.

मला राहवलं नाही. ताट उघडून मी भाकरीचा तुकडा मोडला अन् तांब्या घेतला. काकू मागून हळूच म्हणाल्या, सुतकात ओवाळत नाईत, बाई. मी तशीच पुढं गेले.

"राहू दे, ताई," भाऊ म्हणाला. "ओवाळून घ्यायले नाई थांबलो."

"मग काऊन थांबला रे?"

"तिनं सांगतलं होतं न. पुढल्या वेळी थांबजो म्हणून."

मी तुकडा हातात धरून उभी राहिले. घामानं त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता, पण पाय हलले नाहीत.