झोपेतलं दात खाणं आणि खिडकीतली डबी

"तुम्ही झोपेत दात खाता," दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी त्या खुर्चीतच हसले. दोन महिने उजवा जबडा ठणकत होता. कान दुखायचा, सकाळी तोंड उघडताना कानाजवळ कट्ट वाजायचं, भाकरीचा घास बोराएवढा करून खावा लागे. माझे वडील तोंडाच्या कॅन्सरने गेले. त्यामुळे मनातल्या मनात मी कुठवर जाऊन आले होते, हे सांगायला नको. त्यापुढे दात खाणं म्हणजे अगदीच किरकोळ वाटलं.

या आजाराला ब्रक्सिझम म्हणतात. झोपेत आपल्या नकळत वरचे-खालचे दात एकमेकांवर करकर घासले जातात. जबड्याचे स्नायू रात्रभर राबतात आणि दिवसा दुखतात. आमच्या ह्यांना निदानाची गरजच नव्हती. "गिरणी रात्री सुरू होते, पहाटे बंद," असं ते आल्यागेल्याला सांगत. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचं निदान वेगळं होतं.

"जंत झाल्यात तुला. वावडिंग घे. आन् झोपंत दात खाल्लेलं घराला चांगलं नसतं, बघ."

वावडिंग घेतलं. शेवटचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

डॉक्टरांनी नाइट गार्ड दिला, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कवच. दात झिजायचे थांबले, पण जबडा दुखायचा थांबला नाही. तोंड दोन बोटं मावतील एवढंच उघडे. मग त्यांनीच स्वारगेटच्या पुढे एका ऑस्टिओपॅथ बाईंकडे पाठवलं. ऑस्टिओपॅथी म्हणजे हाताने सांधे आणि स्नायू तपासून, दाबून सैल करण्याची उपचारपद्धत. मी एका शाळेत क्लार्क आहे. शाळा सुटली की धायरीहून बस धरायची आणि तिथे जाऊन आडवं व्हायचं.

केसपेपरवर प्रश्न होते. मधुमेह? नाही. रक्तदाब? थोडा. तंबाखू खाता का? नाही. शाळेतले फॉर्म तपासण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, तेव्हा हाही मी नीट वाचूनच भरला होता. दातांच्या डॉक्टरांकडेही असंच लिहिलं होतं.

आता मिश्रीचं सांगते. आमच्या घरी न्हाणीघराच्या खिडकीत दोन डब्या असतात, एक आत्यांची, एक माझी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना, हिरडीला लावायची. लग्न होऊन आले तेव्हा आत्यांनीच मला लावायला शिकवलं. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आम्ही चुलीवरून गॅसवर आलो, पण मिश्री भाजणं सुटलं नाही. वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या ताई धाडकन खिडकी लावतात. तंबाखू खाणारे माझे वडील. मी फक्त दात घासत होते. जबडा ठणकायला लागल्यापासून दिवसातून चार-पाच वेळा घासत होते, कारण लावलं की तेवढा वेळ तो भाग बधिर व्हायचा.

पहिल्या दोन वेळा बाईंनी मान, खांदे, कानशिलं यांवर काम केलं. इतका हलका हात की मला वाटलं, याने काय होणार! पण त्या आठवड्यात मी शांत झोपले. "गिरणी बंद पडली की काय?" ह्यांनी विचारलं. कान दुखायचा थांबला. तोंड अडीच बोटं उघडू लागलं.

तिसऱ्या वेळी बाईंनी हातमोजा घातला. जबड्याचे काही स्नायू गालाच्या आतूनच हाताला लागतात, असं समजावून बोट आत घातलं. एका जागी दाबलं, सोडलं. पुढे सरकलं. मग परत मागे आलं आणि उजव्या बाजूला, खालच्या हिरडीजवळ थांबलं. इतका वेळ त्या माझ्याशी पावसाळी खड्ड्यांबद्दल बोलत होत्या.

त्यांनी दिवा ओढला. ओठ बाजूला करून पाहिलं.

"इथे दुखतं?"

"नाही," मी म्हटलं. खरंच दुखत नव्हतं.

"आज मी पुढे काही करणार नाही," त्या म्हणाल्या. हातमोजा काढला, केसपेपर उचलून वाचला आणि खाली ठेवला. "ताई, मिश्री लावता?"

"हो, लावते की."

"माझी आजीही लावायची," एवढंच म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

आत पांढरा चट्टा होता. त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात, म्हणजे पुसून न जाणारा पांढरा डाग. मोठ्या दवाखान्यात त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. याला बायॉप्सी म्हणतात. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ भर उकाड्यात गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसले होते. ते काही विचारायचं झालं की पाटीवर लिहून दाखवत. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. त्या आठ रात्री मी नाइट गार्ड चावून चावून त्याला भोक पाडलं. मला भीती वाटत होती, साधी सरळ मरणाची भीती.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. मी रडायला लागले तसे ते थांबले, आणि मग पुढचं बोलले. "अजून नाही. डिस्प्लेजिया आहे. म्हणजे पेशी बदलायला लागल्यात. चट्टा काढू. मिश्री आजपासून बंद. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. आणि तंबाखूमुळे झोपेत दात खाणंही वाढतं, बरं का." म्हणजे ज्या दुखण्यावर मी मिश्री लावत होते, ते तीच वाढवत होती.

चट्टा काढला. बाईंकडचे उपचार जखम भरल्यावर पुन्हा सुरू झाले. आता तोंड तीन बोटं उघडतं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. दुसरं कोणी असतं तर स्नायू दाबून मोकळं झालं असतं.

घरी येऊन मी माझी डबी कचऱ्यात टाकली. आत्या बघत होत्या. "साठ वर्सं लावतीया. मला काय झालंय का?" म्हणून त्यांनी आपली डबी उचलून कनवटीला लावली. मी टॉर्च आणला, तर ओठ घट्ट मिटून भिंतीकडे वळल्या. चार दिवस आम्ही बोललो नाही.

रविवारी सकाळी त्यांनी आपणहून खुर्ची गॅलरीत उजेडाला ओढली, बसल्या आणि तोंड उघडलं. मी टॉर्च लावला. मला शोधावं लागलं नाही.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

सोमवारी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. मी त्यांचा नवा केसपेपर भरायला घेतला. तंबाखू खाता का, या प्रश्नापुढे आत्यांनी "न्हाई" म्हणायच्या आधीच मी "हो" लिहिलं.