फुलदाणीतला आवाज

लिओटा हँचेटला बोलण्याची खोड होती, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिला घरी पाहिलेलं नाही. घरी ती मुखदुर्बळ होती. हॉलिवूडच्या गॉवर स्ट्रीटमागे आम्ही दोघी एकाच बिऱ्हाडात राहायचो. बटाट्यात मीठ कमी पडलं तरी ती निमूट खायची. तिचं सगळं बोलणं कॅमेऱ्यापाशी खर्च व्हायचं.

तेव्हा सिनेमा मुका होता, पण सेटवर बाजार भरलेला असायचा. सुतार ठोकाठोकी करत, कोपऱ्यात कुणी व्हायोलिन वाजवी, आणि शॉट चालू असतानाच डायरेक्टर नटांना सूचना देत. पुरुष डायरेक्टर कर्णा लावून ओरडायचे. लिओटा कॅमेऱ्याच्या पायाशी साबणाच्या खोक्यावर बसून हळू आवाजात बोलत राही. "दार वाजलं. तोच असेल. थांब, धावू नकोस. केस नीट कर. आता उघड. तो नाही गं पोरी, पोस्टमन आहे." समोरची नटी खरोखर रडायची. दुसऱ्या सेटवर डोळ्यांत ग्लिसरीन घालून अश्रू काढत. आमच्याकडची बाटली धूळ खात पडलेली. मी फिल्म कापून जोडणारी. तो प्रत्येक अश्रू माझ्या बोटांखालून गेलाय, म्हणून सांगते.

आयोवाहून ती टाइपिस्ट म्हणून आली, मग कथा लिहायला लागली, मग डायरेक्टर झाली. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. तेव्हा आमच्याच रस्त्यावर तशा चार-पाच बायका होत्या. धंदा म्हणजे पोरखेळ होता तोवर तो बायकांच्या ओटीत होता. त्यात पैसा आहे हे बँकवाल्यांना कळलं आणि एकेक बाई घरी बसली. कुणाचं लग्न झालं, कुणाची तब्येत बिघडली, कुणाला दारावरच्या पहारेकऱ्यानं ओळखलंच नाही. शेवटी आमच्या स्टुडिओत लिओटा एकटी उरली.

आणि मग सिनेमा बोलायला लागला.

मालक ड्रिस्कॉलनं तिला बोलावून घेतलं. "एक प्रसंग बोलका करून दाखव. जमला तर पुढचा चित्रपट तुझा. नाही जमला तर, लिओटा, मग माझा नाइलाज आहे."

आता शॉट चालू असताना डायरेक्टरनं मिठाची गुळणी धरून बसायचं होतं. लिओटा घरी सराव करायला लागली. मी सूप ढवळायची आणि ती खुर्चीत बसून नुसती बघायची. एकदा मी मुद्दाम सूप उतू जाऊ दिलं. तिचे ओठ थरथरले, पण शब्द फुटला नाही.

"वा! पास झालीस की," मी म्हटलं.

"सूपचं वेगळं असतं गं," ती म्हणाली. "त्याला माझी गरज नसते. कोरीनचं कसं होणार?"

कोरीन व्हेल म्हणजे आमची नटी. लॉन्ड्रीत इस्त्री करत होती, तिथून लिओटानं तिला उचललं होतं. कॅमेऱ्यासमोर लिओटाच्या आवाजाशिवाय तिनं कधी पापणीसुद्धा हलवली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मी सेटवर गेले. कॅमेरा काचेच्या खोलीत कोंडलेला, कारण त्याची घरघर ऐकू जायची. मायक्रोफोन टेबलावरच्या फुलदाणीत लपवलेला, आणि त्या टेबलाला लागूनच, चौकटीबाहेर, लिओटा खोक्यावर बसलेली. आवाजाचा कारभारी प्रेंटिस टेलिफोन कंपनीतून आला होता; त्यानं हात वर केला की मोठमोठे लोक श्वास कोंडून उभे राहायचे. प्रसंग छोटाच. कोळ्याच्या बायकोला शेजारीण सांगते, होडी बुडाली. शेजारीण जाते. बायकोची नजर खुंटीवरच्या नवऱ्याच्या टोपीवर पडते, आणि ती कोसळते.

पहिल्यांदा कोरीननं टोपीकडे पाहिलं आणि खांबासारखी उभी राहिली. दुसऱ्यांदा तेच. काचेमागे ड्रिस्कॉल हातावरचं घड्याळ बघत होता. तिसऱ्यांदा शेजारीण गेली आणि कोरीननं टोपीकडे बघायचं सोडून लिओटाकडे बघितलं. जत्रेत हात सुटलेलं पोर बघतं ना, तसं. लिओटानं स्वतःचा पदर असता तर तोंडात कोंबला असता. तिनं मूठच कोंबली. मग मूठ खाली आली.

"ओली नाहीये ती टोपी," लिओटा हळूच म्हणाली. "बघ हात लावून. आज विसरून गेला तो. थंडी वाजली असेल गं त्याला."

कोरीननं टोपी खुंटीवरून काढली, छातीशी धरली आणि खाली बसली. तिचं ते रडणं मी आयुष्यात विसरणार नाही. सुताराच्या डोळ्यांत पाणी आलं. लिओटाचा आवाजही फुलदाणीनं टिपलाय, हे एका प्रेंटिसखेरीज कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ते पडद्यावर पाहिलं. कोरीन टोपीकडे वळली, आणि फुलदाणी बोलली, "थंडी वाजली असेल गं त्याला." जवळून, लख्ख. खोलीत हशा पिकला. कुणीतरी किंचाळलं, "अरे, फुलांना कंठ फुटला!" ड्रिस्कॉल डोळे पुसत होता, हसून हसून.

मी उठून म्हटलं, "तिथे कोरीनला वाक्यच नाही. तेवढा आवाज काढून टाका."

"कशानं काढू, बाई?" प्रेंटिस म्हणाला. "आवाज तबकडीवर उतरतो, फिल्मवर नाही. तबकडी कात्रीनं नाही कापता येत."

"मग पुन्हा घ्या!"

"सेट उद्यापासून दुसऱ्याला दिलाय," ड्रिस्कॉल म्हणाला. आणि मग लाडात आल्यासारखा, "लिओटा, देवानं बाईला सगळं दिलं, फक्त तोंड मिटायची कळ द्यायला विसरला बघ." पुन्हा हशा. लिओटाही हसली. तिचं ते हसणं बघून मला सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

त्याच महिन्यात फेरिस बॉइड नावाच्या डायरेक्टरनं चालू शॉटमध्ये खच्चून "शाब्बास!" म्हटलं होतं. त्याचा किस्सा झाला, पार्ट्यांत रंगवून सांगितला गेला. त्याचं काम चालूच राहिलं. लिओटाचा नियम झाला. कुठल्याही स्टुडिओत जा, उत्तर ठरलेलं: बायका सेटवर गप्प बसू शकत नाहीत, उगाच धोका कशाला?

ती दारोदार फिरली. मग फिरणं थांबलं. पुढे एका मोठ्या दुकानात हातमोजे विकायला उभी राहिली. तिथूनही काढलं, कारण गिऱ्हाइकानं काही विचारलं तर ती नुसतं बोटानं दाखवायची. मालकाला वाटलं, बाईला गर्व आहे. घरी मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, गळ्याला काही झालेलं नाही. ते मलाही माहीत होतं.

काही वर्षांनी कोरीनचा एक बोलपट गाजत होता. मी लिओटाला दुपारच्या खेळाला ओढत नेलं. वाटलं, आपली पोर बघून तरी जीव हलेल. पडद्यावर कोरीन मेलेल्या मुलाच्या पाळण्याशी उभी होती. गालावर ग्लिसरीन. मान इकडे वळव, तिकडे वळव, पण आत काही नाही. मला राहवेना.

"काय लाकूड करून ठेवलंय गं पोरीचं!" मी म्हटलं. "लिओटा, सांग ना तिला. काय करायला हवं होतं इथे? सांग."

लिओटानं दचकून माझ्या तोंडावर हात ठेवला. अंधारात तिचे डोळे पडद्यावर खिळलेले होते, आणि कित्येक महिन्यांनी तिचा आवाज मी ऐकला.

"शू," ती म्हणाली. "शॉट चालू आहे. या वेळी मी नाही बोलणार."