विहिणीने कापलेले केस

मुलाने दाढी वाढवली होती, आणि तेवढ्यानेच तिला अन्न गोड लागेना. साथीत अख्खं शहर घरात कोंडलंय आणि ही दाढीचं काय घेऊन बसली, असं नवरा म्हणाला. पण मुलाचा धंदाच केस कापायचा. सलूनमध्ये पहिलं गिऱ्हाईक बसण्याआधी तो आरशात स्वतःची मिशी तपासायचा. तोच आता फोनच्या पडद्यावर माजलेल्या कुंपणासारखा दिसत होता. आत काहीतरी बिनसल्याशिवाय असं होत नाही.

दोन दिवसांसाठी म्हणून तो बायकोला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला सासुरवाडीला गेला, आणि सगळं बंद झालं तसा तिथेच अडकला. रोज ती विचारायची, जेवलास का, झोप लागते का. "बरंय गं," एवढंच तो म्हणायचा.

खरं काय ते सुनेने सांगितलं. तो सारखा हात धूत बसतो, खोलीतून बाहेर पडत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही. दुकान बंद होण्याआधी त्याने ज्याची दाढी केली, ते एक म्हातारं गिऱ्हाईक साथीत गेलं. आपल्याच बोटांनी त्याला रोग दिला, असं त्याच्या मनाने घेतलंय. हे सगळं त्याने सासूला सांगितलं म्हणे.

सासूला. हिच्या अंगाचा तिळपापड झाला. पोटात वाढवला हिने, तापात उशाशी बसली ही, आणि मनाचं गाठोडं सोडायला त्याला विहीण सापडली. विहीण मुळातच गोडबोली. लग्नातही सगळ्या पाहुण्यांना तिनेच खिशात घातलं होतं.

रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. दाढी गेलेली, केस कापलेले, पण डाव्या कानावर केसांची चक्क पायरी पडलेली. तो हसत होता. "सासूबाईंनी कापले. आयुष्यात पहिल्यांदाच कात्री धरली त्यांनी."

मागून विहिणीचा आवाज आला, "जावईबापू, फुकटात कापलेत. नावं ठेवू नका."

तो आणखी मोठ्याने हसला. या हसण्यासाठी तिने इतके दिवस देव पाण्यात घातले होते. पण आता ते ऐकून काळजात काटाच रुतला.

"वाकडे कापलेत," ती म्हणाली.

त्याचं हसू विरलं. हात नकळत कानाकडे गेला. "बरंय गं. ठेवतो मग."

त्यानंतर त्याचा फोन नाही. तिने केला तर उचलत नाही. सुनेचा निरोप आला, पुन्हा खोलीत जाऊन बसलेत.

ती स्वतःवरच चरफडली. ज्याला माणसाच्या स्पर्शाची धास्ती बसली होती, त्याने विहिणीपुढे मान तुकवली होती. त्या बाईने काय सांगून त्याला खुर्चीत बसवलं असेल? की काहीच सांगितलं नसेल? हे हिला ठाऊक नव्हतं, आणि विहिणीला ठाऊक होतं. जळफळाट अजून होताच, तो काही एका दिवसात जाणारा नव्हता. पण पोरगं खोलीत बसलं होतं.

तिने फोन घेतला, मुलाच्या नावावरून बोट पुढे नेलं आणि विहिणीचा नंबर लावला.