भावोजी आणि जांभळाचं मूळ

आमचे भावोजी लाकूड चाटून बघत. ओढ्याच्या काठी, शेताच्या बांधावर, जिथे कुठे वाळलेली मुळी दिसेल तिथे उकिडवे बसायचे, उपरण्याने ती पुसायची, आधी नाकाशी न्यायची आणि मग जिभेचं टोक लावायचं. कडू लागली की फेकून द्यायची, चिकट लागली की फेकून द्यायची, नुसती मातीची चव आली की काखोटीला मारून घरी आणायची. हे गृहस्थ देवासच्या थोरल्या पातीत ओव्हरसियर होते. डोक्याला पागोटं, अंगात बंद गळ्याचा कोट, आणि रस्त्याच्या कडेला बसून लाकूड चाटताहेत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवी नवरी होते. मनात म्हटलं, झालं, आबांनी ताईला वेड्याच्या गळ्यात बांधली.

आम्ही दोघी बहिणी धार संस्थानातल्या धरमपुरीच्या, अगदी नर्मदेच्या काठावरच्या. दोघींनाही देवासला दिलेलं. देवास म्हणजे गाव एक आणि राजे दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. ताई पडली थोरलीत, मी पडले धाकटीत. मधे एक रस्ता. भाजी निवडताना ताईची आठवण झाली की मला चपला घालून परराज्यात जावं लागे. भावोजी दारातच विचारत, "मथूबाई, आपल्या दरबारची काय खबर?" मीही सोडत नसे. मेहुणीचा मानच असतो तो. मी म्हणे, "आमच्या दरबारात लाकडं जाळतात, भावोजी. चाटत नाहीत."

ही लाकडं कशासाठी, तर काचेच्या हौदासाठी. भावोजींनी तरुणपणी मुंबईला एका बड्या माणसाच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत पोहणारे मासे पाहिले होते, आणि ते डोक्यातून काही गेले नाहीत. मग इंदूरहून जाड काचा आणल्या, लोहाराकडून चौकट करून घेतली, आणि बरेच दिवस घरात पाणी वाहून झाल्यावर एकदाचा तो हौद गळायचा थांबला. त्यात क्षिप्रेतले बोटाएवढे चंदेरी मासे. ब्राह्मणाच्या माजघरात मासे म्हटल्यावर आळीतल्या बायका हळदीकुंकवाचं निमित्त काढून वास घेऊन गेल्या. ताई सगळ्यांना शांतपणे सांगे, "आमच्याकडे मासे असतात ते जेवायला. पानावर नव्हे, पंक्तीला." त्यांना खरंच रोज कणकेच्या बारीक गोळ्या मिळत.

नुसत्या पाण्यात मासे बावरतात, त्यांना आडोसा हवा, असं भावोजींचं मत. म्हणून लाकूड. पण लाकूड आणलं आणि टाकलं असं नाही. हिरवं नको, चिकाचं नको, कडुनिंबाचं तर मुळीच नको. आपलं आपण मेलेलं, उन्हापावसाने धुतलेलं मूळ हवं. त्याची साल सुरीने सोलायची, भेगांतली माती काथ्याने घासायची, कुजका भाग बोटाने दाबून दाबून शोधायचा आणि काढून टाकायचा. मग परसात तीन दगडांच्या चुलीवर हंडा चढवून ते उकळायचं. पाणी काढ्यासारखं काळं व्हायचं, ते ओतायचं, पुन्हा नवं. मग दगडी डोणीत भिजत घालायचं आणि रोज पाणी बदलायचं. लाकूड तरंगतं, म्हणून त्याच्या पोटाला फरशीचा तुकडा बांधायचा. पाणी स्वच्छ राहायला लागलं की ते हौदात. "लाकडाला आधी सगळं रडून घेऊ द्यावं," भावोजी म्हणत, "मग ते दुसऱ्याच्या घरात नीट नांदतं." आमच्या सासऱ्यांनी हे ऐकलं असतं तर सुनांनाही लागू केलं असतं.

एकदा असंच मूळ उकळत होतं आणि शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. त्यांना वाटलं वैद्यांचा काढा. भावोजी बाहेर गेलेले, ताई झोपलेली. काकूंनी गडूभर काळं पाणी नेलं आणि गुडघ्यांना चोळलं. चार दिवसांनी येऊन म्हणाल्या, "सदाशिवराव, उतार पडला हो, अजून थोडं द्या." भावोजींनी त्यांना काही सांगितलं नाही. पुढच्या वेळी हंडा चढवला तेव्हा आठवणीने गडूभर पाणी त्यांच्याकडे पाठवून दिलं.

सचोटी तर इतकी की जीव नकोसा व्हावा. दोन्ही पात्यांच्या शिवेवरच्या ओढ्यात आंब्याचं वाळकं खोड पडलेलं होतं. कोणाच्या बापाचं नाही. पण भावोजी थोरल्या पातीचे नोकर, आणि खोडाचं शेंड्याकडचं टोक धाकट्या पातीच्या हद्दीत. त्यांनी आमच्याकडच्या स्वारीला, म्हणजे माझ्या यजमानांना, गाठून आमच्या राज्याच्या राखणदाराची परवानगी मागायला लावली. तो राखणदार माळवी माणूस. डोकं खाजवत म्हणाला, "भिया, लाकड़ो ई तो हे, ले जाओ नी." तेवढ्याने भागलं नाही. आपल्या बाजूच्या राखणदारालाही विचारलं, तेव्हा कुठे करवत लावली.

आणि हाच माणूस बाकी सगळ्या बाबतींत उतावळा. पान मांडायच्या आत पाटावर. आमटी गार व्हायची वाट न बघता जीभ पोळून घ्यायची आणि मग आमटीवर चिडायचं. गवंडी त्यांना टरकून असत. फक्त लाकडापुढे ते वेगळेच होऊन जात. डोणीशी बसून मला म्हणत, "सबर, मथूबाई, सबर. घाई झाली की घाण झाली."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. सुरुवातीला एकदा त्यांनी अर्धवट भिजलेलं मूळ हौदात घातलं होतं. सकाळी सगळे मासे पोट वर करून पडलेले. तेव्हा ताईचं एक बाळ जाऊन फार दिवस झाले नव्हते. तिने ते मासे पाहिले आणि भिंतीकडे तोंड करून निजली ती दोन दिवस उठली नाही. पुढे मूल झालंच नाही. ते मासे मेल्याबद्दल भावोजी कधी बोलत नसत, पण तेव्हापासून त्यांनी कुठल्याही लाकडाची घाई केली नाही.

मग ताई आजारी पडली. मोठा ताप आला, तो उतरला, पण पायांतली शक्ती घेऊन गेला. पुढे अंगावर सूज चढायला लागली. भावोजींनी हौद तिच्या खाटेपाशी आणून ठेवला, तेवढाच तिला चाळा. ती तासन्‌तास बघत पडे. एके दिवशी, नवरात्र संपता संपता, ती म्हणाली, "अहो, मला एकदा मैया दाखवा. मग काही मागणार नाही."

आम्ही धरमपुरीचे लोक नर्मदेला मैयाच म्हणतो. देवासला देवीची टेकडी आहे, विहिरी आहेत, तळी आहेत, पण दाराशी नदी नाही, आणि नदीकाठच्या मुलीला हे जन्मभर खुपतं. मलाही खुपतं. वैद्यांना विचारलं तर त्यांनी स्पष्टच सांगितलं. बैलगाडीचे ते हिसके, त्यात मानपूरचा घाट, बाई वाटेतच संपतील. भावोजींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी रजा काढली आणि एकटेच धरमपुरीला गेले.

परत आले तेव्हा गाडीत एक तांब्याची कळशी होती, तोंडाला फडकं बांधलेली, आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक मूळ. आमच्या घाटाखाली जांभळाचं जुनं झाड होतं. त्याच्या पाण्यात उतरलेल्या मुळावर बसून आम्ही दोघी पाय सोडायचो, धुणं राहायचं बाजूला आणि आई वरून हाका मारायची. ते झाड पुरात पडलं होतं. भावोजींनी वाळूत उघडं पडलेलं मूळ शोधून त्याचा तुकडा कापून आणला होता. ताईने त्यावरून हात फिरवला आणि रडली. मीही रडले, का रडायचं नाही? भावोजी म्हणाले, "तुला मैयेकडे नेता येत नाही, तर मैयेला इथे आणतो. हे मूळ आणि कळशीतलं पाणी हौदात घालू. रथसप्तमीला, नर्मदा जयंतीच्या दिवशी. तोवर लाकूड तयार होईल."

पण जांभूळ ते. उकळलं, पाणी काळं. पुन्हा उकळलं, पुन्हा काळं. डोणीतलं पाणी सकाळी बदलावं आणि संध्याकाळी तांबूस दिसावं. मार्गशीर्ष गेला. पौषात ताईला धाप लागायला लागली, तिला उशांना टेकवून बसवावं लागे. वैद्य माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघेनासे झाले. आणि भावोजी परसात डोणीपाशी बसून पाणी बदलताहेत.

मी गेले आणि पदर खोचून उभी राहिले. म्हटलं, "भावोजी, तुमच्या लाकडाजवळ वेळ आहे. ताईजवळ नाही."

"सबर, मथूबाई."

"सबर गेली चुलीत. तिला रथसप्तमी दिसणार नाही. तुम्हाला कळत नाही का?"

मला वाटलं, आता अंगावर येतील. त्यांनी मूळ पाण्यात उलटं केलं. हात डोणीत. मग म्हणाले, "कळतं. पण मासे मेले तर? तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा उलटे झाले तर? जाताना ते बघून जाईल ती." असं म्हणून त्यांनी ओल्या हातानेच तोंड पुसलं. एवढा मोठा माणूस, मी त्याला कधी भ्यालेला पाहिला नव्हता. माझा राग तिथेच जिरला.

आत ताईला आमचं सगळं ऐकू गेलं होतं. तिने आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. थांबत थांबत म्हणाली, "आजच घाला."

"मासे काढून घेतो मग," भावोजी म्हणाले.

"का? मैयेत मासे नसतात वाटतं? राहू देत. त्यांचं काय व्हायचं ते मैया बघेल. इकडून किती काळजी करायची?"

भावोजींनी मूळ आणलं. हौदातलं थोडं पाणी उपसलं, कळशी उघडली आणि नर्मदेचं पाणी आत ओतलं. मग दोन्ही हातांनी ते मूळ असं सोडलं, जसं पाळण्यात मूल ठेवतात. मासे घाबरून कोपऱ्यात गेले. भावोजी रात्रभर हौदापाशीच बसून होते म्हणे. मी माझ्या राज्यात होते.

सकाळी गेले तर पाणी तांबडं-काळं. पलीकडची भिंत दिसेना. मासे कुठे आहेत ते कळेना. भावोजी डोक्याला हात लावून उभे. मला बघून हळूच म्हणाले, "ती जागी व्हायच्या आत उपसून टाकतो." बादली हातात घेतली, तोवर ताईने डोळे उघडले.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी भावोजींचा हात धरून त्यांना थांबवलं. "भादव्यातली मैया," ती म्हणाली. "मथे, बघ ना. पूर आल्यावर अशीच व्हायची. अहो, तुमचं ते स्वच्छ पाणी बघून मला कधी नदी आठवली नाही हो. विहीर आठवायची. ही खरी."

भावोजींच्या हातातली बादली तशीच राहिली. वर्षानुवर्षं हा माणूस लाकडातला जो रंग उकळून उकळून काढत आला, तोच हिला हवा होता, आणि हिने कधी सांगितलं नाही. नवऱ्याची हौस, आपण कशाला मोडता घालायचा. आमच्या पिढीतल्या बायका अशाच. तेवढ्यात त्या गढूळ पाण्यातून एक मासा मुळाच्या खालून निघाला, काचेपर्यंत आला, आणि परत आत गेला. मग दुसरा. भावोजी जमिनीवर बसले.

त्यांनी पाणी बदललं नाही. ताई जागी असली की तिकडेच बघे आणि आम्हा दोघींचं लहानपण घोकत बसे, कोणती मुलगी कुठल्या पायरीवरून घसरली, आई कशी ओरडायची. भावोजी ऐकत. रथसप्तमी काही तिला लाभली नाही. त्याच्या आधीच, सकाळी उन्हं माजघरात आली असताना, तिची वाचा बंद झाली. गुरुजींना बोलावलं. देवघरातला काशीचा गडू फोडला. भावोजींनी तुळशीपत्र ठेवून गंगेचं पाणी तिच्या तोंडात घातलं, पण ते ओठांच्या कडेने ओघळून उशीवर गेलं. पुन्हा घातलं, पुन्हा तेच.

तेव्हा भावोजी उठले. पळी घेतली, हौदात बुडवली, आणि ते तांबडं पाणी घेऊन खाटेशी आले. गुरुजी दचकून म्हणाले, "अहो सदाशिवराव, माशांचं पाणी ते. काय करता हे?" एरवी दोन राखणदारांना विचारल्याशिवाय काटकी न उचलणारा हा माणूस. त्यांनी गुरुजींकडे पाहिलंसुद्धा नाही. ताईचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या कानाशी "नर्मदे हर" म्हणाले आणि पळी तिच्या ओठांना लावली.

ताईचा गळा हलला. तिने ते पाणी गिळलं. मी डोळ्यांनी पाहिलं, माझी शपथ. दुसरी पळी घालायची वेळ आली नाही. भावोजींनी तिचे डोळे मिटवले, पदर सारखा केला आणि माझ्याकडे वर बघून म्हणाले, "पोचली, मथू."