पेरूच्या जेलीची ढेप

ही वही चुकून कुणाच्या हाती लागलीच तर आधी माफी मागते. माझं अक्षर कोंबडी चिखलातून गेल्यासारखं आहे आणि वेलांट्या मी हाताला येतील तशा देते. चौथीनंतर शाळेनं मला पाहिलं नाही आणि मी शाळेला. पण गेल्या संक्रांतीला मी पेरूची जेली केली आणि ती कोयत्यानं तोडावी लागली, हे कुठंतरी लिहून ठेवायलाच हवं.

राजारामपुरीत क्लास घेणाऱ्या एका बाईंकडे मी स्वयंपाक करते. हळदीकुंकवाच्या वाणाला त्यांना जेलीच्या पंचवीस बाटल्या हव्या होत्या. "शालन, जमेल ना?" मला नाही म्हणता येत नाही. (हो म्हणायलाही लाज वाटते, पण मान आपोआप हलते!) त्यांनी दोन हजार आगाऊ दिले. साखर, बाटल्या आणि पेरू यांत ते त्याच दिवशी संपले.

माझी मुलगी सुवर्णा शेतीच्या कॉलेजात शिकते, हॉस्टेलवर असते. फोनवर म्हणाली, "आई, अर्धेकच्चे पेरू घे हं. फळात बारीक बारीक खोल्या असतात. त्यांच्या भिंतीत पेक्टिन असतं, विटांमधल्या चुन्यासारखं. ते घट्ट आहे तोवर बुरशीला आत शिरता येत नाही. पिकायला लागलं की फळ आपणहून ते सैल करतं, म्हणून मऊ पडतं. जेली धरते ती त्या पेक्टिनवर."

सगळं कळलं. पण सवाष्णींच्या ओटीत कच्च्या फळाचं वाण? आमच्यात असं कुणी करत नाही! मी निवडून निवडून पिवळेधमक पेरू आणले, बोट लावलं की आत जाईल असे. सकाळी पाहते तर निम्म्यांवर पांढरी लव! बुरशीनं आपलं हळदीकुंकू आधीच उरकलं होतं.

उरलेले शिजवले, रस गाळला, साखर घालून दोन तास ढवळला. जेली कसली, सरबत! आणि संध्याकाळी पाचला बायका येणार.

आमचे मालक, म्हणजे सुवर्णाचे वडील, जन्मभर गुऱ्हाळावर गुळव्या होते. उसाचा रस आटला की नाही, हे त्यांनी सांगायचं आणि मग गूळ उतरवायचा. त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं.

"आगं, ह्येला चटकाच बसला न्हाय. सर बाजूला!"

"अवो, सुवर्णा म्हणती तसं झालंय. फळाची भिंत ढासळलीया."

"ढासळलीया नव्हं? मग चुना घाल की!"

"जेलीत चुना?"

"गुळात घालतोय न्हवं आमी? कोल्हापूरचा गूळ खाऊन कोण मेलंय?"

चुन्याची निवळी गेली. मळी वर येईना म्हणून भेंडीचा चिकट रस गेला. जाळ वाढला. मालक थेंब पाण्यात टाकायचे, त्याची गोळी करायचे आणि पातेल्यावर आपटून आवाज ऐकायचे. अखेर गोळी ठणकन वाजली. मी बाटल्या पुढं करेपर्यंत त्यांनी जुन्या सवयीनं, गुळाची ढेप पाडतात तसं, सगळं बादलीत ओतलं होतं!

बादली पालथी केली, तर ढेप.

"रंग काय आलाय बघ!" मालक खूश.

मी सुवर्णाला फोन लावला. "आई, चुना? अगं, चुन्यानं तर उरलंसुरलं पेक्टिन आणखी आवळून धरतं!"

"धरलंय," मी म्हटलं, "कलथासुद्धा धरलाय."

रिक्षात एका बाजूला मी, एका बाजूला ढेप, मांडीवर कोयता. रिक्षावाल्यानं वाटेत एकदाही मागं पाहिलं नाही.

"जेली कुठाय, शालन?"

"बाई... ही. तोडून घ्यायची."

पहिल्याच घावाला एक तुकडा उडाला आणि हळदीच्या वाटीत पडला. समोरच्या चार सवाष्णी एकदमच पिवळ्या झाल्या! बाईंनी वाटीतला तुकडा उचलून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "त्या बाटल्यांचं काय?"

"रिकाम्या हायत. नव्या कोऱ्या."

शेवटी वाण म्हणून प्रत्येकीला रिकामी बाटली आणि कागदात बांधलेला एक खडा मिळाला. बाटलीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

बाई पैसे मागणार नव्हत्या, पण मला त्यांच्या घरात मान वर करून पोळ्या लाटायच्या होत्या. दर महिन्याच्या पगारातून पाचशे परत देत गेले. चौथ्या महिन्याला शेवटची नोट त्यांच्या हातावर ठेवली.

"फिटले हो सगळे, शालन! आता तरी तोंडावरचा पदर काढ. किती लाजायचं?"

मी मान हलवली, पण पदर सोडला नाही. ढेप चाखताना माझा पुढचा दात तिच्यात रुतून राहिला होता. तो कुठल्या सवाष्णीच्या वाणात गेला, हे विचारायचा मला अजून धीर झालेला नाही.